डब्यातली डिव्हिजन

दोन हजार आठ साल. मी अडुसष्ट वर्षांचा, तुम्ही सहासष्ट. कुरिहारा-सान, दोन वर्षांनी लहान असलेल्यानं आधी निघायचं नसतं. आमच्याकडं याला रांग मोडणं म्हणतात आणि त्याला शिक्षा असते.

मराठीत लिहितोय. तुम्हाला यातलं अक्षर लागायचं नाही. पण तुमचं बोलणं तरी मला कुठं लागत होतं? चार हिवाळे आपण तसेच काढले. तुम्ही तुमच्या भाषेत, मी माझ्या, आणि दोघंही अडलो की फौजेतलं इंग्रजी. कंपनी, रायफल, हॉल्ट, ओके. तेवढ्यावर आपण जेवढं भांडलो तेवढं मी सख्ख्या भावाशी मराठीत भांडलेलो नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं पलटणीनं शिकवलं. तेव्हा कुठं चुकलं तर चुकलं, मी खोडून परत लिहीत नसतो.

शनिवारी तुम्हाला नेलं. आज सोमवार. महेश आणि सूनबाई कामावर गेलीत, नात शाळेत गेली, आणि घरात फ्रीजचा आवाज चाललाय. हा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याही घरात तोच होता.

बायको गेली तेव्हा महेशनं मला इकडं जपानात आणायचा हट्ट धरला. मी म्हणालो, येतो, पण राहणार नाही. राहू देतही नाहीत म्हणा, तीन महिने झाले की परत पाठवतात. म्हणून दर वर्षी पाऊस सरला की मी एदोगावात यायचो आणि थंडी हाडात शिरायला लागली की गावाकडं साताऱ्याला. महेश संगणकावर कुठल्याशा बँकेचं काम करतो. आमच्या इमारतीत पुण्यामुंबईची तसली पोरं मजल्यामजल्यावर आहेत. सकाळी पाठीला काळी पिशवी लावून स्टेशनाकडं सुटतात, जेवणं थंड झाल्यावर परततात. बायकाही आता कामाला लागल्या. नातीला काही विचारलं तर ती जपानीत उत्तर देते आणि मग माझ्याकडं बघून हसते. गोड पोर आहे. पण या घरात माझी ड्यूटी काय, ते कुणी नेमून दिलं नव्हतं. पलटणीत आजारी माणसालाही काहीतरी काम असतं, बटाटे सोलायचं का होईना. इथं मी बटाटा हातात घेतला की सूनबाई म्हणायची, "राहू द्या बाबा, तुम्ही बसा." बसून बसून किती बसणार माणूस.

म्हणून मी बागेत यायचो. तिथं सकाळी रेडिओ लावून म्हातारी माणसं पीटी करायची. मी बाकावर बसून बघायचो. कुणाचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, कुणाचे गुडघे वाकत नव्हते. मला हसू यायचं. रेडिओजवळ एक बुटका माणूस उभा राहायचा, डोक्यावर लोकरीची टोपी. पीटी संपली, सगळे पांगले, तो मात्र क्षणभर तसाच उभा राहिला. टाचा जुळलेल्या, अंगठे पँटच्या शिवणीवर. ते शिकवल्याशिवाय येत नाही. मी उठून सरळ तुमच्यासमोर आलो आणि विचारलं, "आर्मी?"

तुम्ही आधी इकडंतिकडं बघितलंत. मग हो म्हणून मान हलवलीत, चोरी पकडल्यासारखी.

मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी पण. इंडिया. हवालदार." आणि दंडावर तीन पट्ट्या ओढून दाखवल्या. तुम्ही तुमच्या दंडावर त्याहून जास्त ओढल्यात. तिथंच पहिलं भांडण लागलं, मोठा कोण. ते मिटलंच नाही. मी म्हणायचो वय मोठं, तुम्ही म्हणायचात हुद्दा मोठा.

तुमचं ते इकडंतिकडं बघणं मला तेव्हा समजलं नव्हतं. आमच्या गावात मी सुट्टीवर वर्दीत आलो की एसटीत म्हातारे उठून जागा द्यायचे आणि मी बसायचो नाही. आपल्या इमारतीत पंचवीस वर्षं शेजारी राहिलेल्यालाही ठाऊक नव्हतं तुम्ही काय केलंत आयुष्यभर. तुमच्या तरुणपणी वर्दी घालून आगगाडीत बसलं की लोक तोंड फिरवायचे, हे तुम्ही मला पुढच्या हिवाळ्यात सांगितलंत, तेही तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन आलात. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर बदकाचं चित्र. बाकावर रुमाल अंथरलात आणि डब्यातली एक एक वस्तू काढून मांडायला लागलात. मधे काळा गुळगुळीत दगड. "शिदान," म्हणालात, "डिव्हिजन." तो तुमचा मोठा साहेब. त्याच्यापुढं पांढरे चपटे दगड, त्या पायदळाच्या रेजिमेंटी. जाड स्क्रू म्हणजे तोफा. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे टँक. वाकडा खिळा, तो खंदक खणणारा, पूल बांधणारा. तारेचं वेटोळं, ते सिग्नलवाले. पंख असलेलं झाडाचं बी फुंकर मारून उडवलंत, ते हेलिकॉप्टर. लहान घुंगरू हलवून वाजवलंत, तो बँड. तुमच्या डिव्हिजनला स्वतःचा बँड असतो हे मला आवडलं होतं, मी ते बोललो नव्हतो. आणि बागेत झाडाखाली पडलेली टोपीवाली बोंडं, ज्यांना तुम्ही दोंगुरी म्हणायचात, ती गोळा करून पांढऱ्या दगडांच्या मागं ओळीत लावलीत. त्या कंपन्या.

मी बघत होतो. तुमची मांडणी नीट होती, रेषेत होती. मग मी पांढऱ्या दगडाच्या आणि दोंगुरीच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं काय?"

"नथिंग."

"पलटण? बटालियन?"

"नो."

"ब्रिगेड?"

"नो ब्रिगेड."

मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडलं. मी काडी घेऊन मातीत आमची डिव्हिजन काढून दाखवली. डिव्हिजनमध्ये ब्रिगेडी, ब्रिगेडीत पलटणी, पलटणीत कंपन्या. तुम्ही मान डोलावलीत, माझी रेघ कौतुकानं बघितलीत, आणि मधल्या दोन पायऱ्या पायानं पुसून टाकल्यात. रेजिमेंट आणि खाली थेट कंपनी. वर टँकांच्या झाकणांकडं बोट करून म्हणालात, "बटालियन." खिळ्याकडं, "बटालियन." तारेकडं, "बटालियन."

म्हणजे लोखंडाला बटालियन, तारेला बटालियन, आणि पायी चालणाऱ्या माणसाला नाही. त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही. सूनबाईला वाटलं भाजी बिघडली.

रविवारी मी तिला घेऊनच आलो. वैशाली इथं आली तेव्हा तिला स्टेशनचं नाव वाचता येत नव्हतं, आता ती ऑफिसात जपानी साहेबाशी फोनवर बोलते. ती आपल्या दोघांच्या मधे बसली. ते भांडण आठवतं तुम्हाला?

"बाबा, ते म्हणतायत, रेजिमेंटचा साहेब कंपन्यांशी थेट बोलतो. फौज लहान आहे त्यांची. मधे आणखी एक साहेब कशाला?"

"लहान आहे म्हणून पलटण कापायची?"

"असं विचारू?"

"असंच विचार. शब्द बदलू नको."

तिनं माझ्या एका वाक्याची पाच केली आणि पाचांतही वाकली. तुम्ही ऐकलंत आणि हसलात.

"काय म्हणाला?"

"म्हणतात, पलटण तुमच्या डोक्यात आहे, तिथं ती शाबूत आहे, काळजी करू नका."

मग तुम्ही पांढऱ्या दगडाला तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगितलंत आणि वैशाली अडखळली. म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. यांच्यात पायदळ असा शब्द वापरत नाहीत. साधी शाखा म्हणतात."

"साधी?"

"नेहमीची. सामान्य. तोफखान्याला विशेष शाखा म्हणतात."

मी उठून उभा राहिलो. "आयुष्य चिखलात झोपून काढलं. आणि हा मला साधा म्हणतो?"

"बाबा, खाली बसा. लोक बघतायत."

"बघू दे. याला विचार, तोफ काय आपणहून चालत जाते का ठाणं घ्यायला?"

तुम्ही हसला नाहीत या वेळी. हळू आवाजात बोललात आणि वैशालीनंही हळूच सांगितलं. मोठी लढाई हरल्यावर लोकांना लढाईचे शब्द ऐकवत नव्हते. म्हणून शब्द बदलले. शिपायाला शिपाई म्हणायचं नाही असं ठरलं. माणसं तीच राहिली. मी बसलो. माझा राग गेला नव्हता, पण तो तुमच्यावरचा नव्हता.

त्याच दिवशी मी विचारलं, "आणि तुम्ही स्वतः कुठं यात?"

मला वाटलं होतं पांढरा दगड उचलाल. तुमच्या टाचा बघून मला पायदळच वाटलं होतं. तुम्ही डब्याच्या तळातून शिवताना बोटात घालायची पत्र्याची टोपी काढलीत, तुमच्या बायकोची. ती उलटी करून सगळ्यात मागं, काड्यापेटीच्या शेजारी ठेवलीत. काड्यापेटी म्हणजे मागून रसद पुरवणारी रेजिमेंट, एवढं मला समजलं.

"ही टोपी काय?"

वैशालीनं दोनदा विचारून खात्री केली. "आंघोळ," म्हणाली.

"कसली आंघोळ?"

"त्यांच्या डिव्हिजनमध्ये आंघोळीची तुकडी असते. तंबूत मोठे हौद लावतात, पाणी तापवतात. हे तिचे प्रमुख होते."

कुरिहारा-सान, मी तेव्हा किती हसलो ते तुम्हाला आठवत असेल. बाकाची पाठ धरून हसलो. हेलिकॉप्टर आहे, तोफा आहेत, बँड आहे, पलटण नाही, आणि न्हाणीघर आहे. आमच्यात लांगरी असतो, सगळ्यांचं जेवण रांधतो, त्यालासुद्धा आम्ही चिडवतो. तुम्ही माझं हसणं संपेपर्यंत थांबलात. त्यानंतर भूकंपाचं सांगितलंत.

तुमच्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यातला. पश्चिमेकडचं शहर पडलेलं, माणसं शाळेच्या फरशीवर झोपलेली, अंगावर धूळ आणि त्याच कपड्यांत कितीतरी दिवस. तुमच्या तुकडीनं शाळेच्या मैदानात तंबू ठोकले. दाराला तुमच्या डिव्हिजनचं नाव लिहिलेला कापडी पडदा लावला, गावातल्या न्हाणीघराला असतो तसा. एक म्हातारी पाण्यात उतरली आणि बाहेर यायलाच तयार नव्हती, आत बसून मोठ्यानं रडत होती, आणि बाहेर थांबलेल्या बायांनी तिला घाई केली नाही. तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती पडद्यावरचं नाव वाचून तुमच्यापुढं वाकली. तुम्ही म्हणालात, तोपर्यंत वर्दीतल्या तुमच्यापुढं कुणी वाकलं नव्हतं.

हसलो त्याची माफी मागायला हवी होती असं आता वाटतं, पण आता वाटून काय.

पुढल्या वर्षी मी गावाहून येताना खिशात सुपारी घेऊन आलो. आमच्या पूजेत देव हजर नसला तरी त्याच्या जागी सुपारी मांडतात, ती मांडली की देव आला. मी ती तुमच्या पटावर मांडली, सगळ्यात पुढं, दोंगुरींच्याही पुढं. छातीवर हात ठेवून म्हणालो, "हा मी." तुम्ही सुपारी उचललीत, वास घेतलात, आणि मागं नेऊन टोपीच्या शेजारी ठेवलीत. मी परत पुढं आणली. तुम्ही परत मागं नेलीत. शेवटी वैशालीला मधे पडावं लागलं.

"बाबा, ते म्हणतायत, पुढची जागा तरुणांची. मागं या. मागं पाणी गरम आहे."

"सांग त्याला, हवालदार मागं थांबत नाही."

तिनं सांगितलं. तुम्ही खांदे उडवलेत आणि सुपारी तिथंच ठेवलीत. तेव्हापासून रोजचा खेळ झाला. मी पुढं, तुम्ही मागं. संध्याकाळी डबा बंद करताना ज्याचा हात शेवटी लागेल तो जिंकला. बहुतेक तुम्हीच जिंकायचात, कारण डबा तुमचा होता.

रविवारी सकाळी तुमचं स्टेशनामागचं न्हाणीघर लवकर उघडायचं. तिथं मला घेऊन जायचं तुमच्या मनात होतं. हातानं पाठ चोळल्याची खूण करून दाखवायचात. मी तुमची चोळतो, तुम्ही माझी. मी नको म्हणायचो. फौजेत नळाखाली लंगोटावर आंघोळ केली ती वेगळी गोष्ट. परक्या मुलखात परक्या माणसांत उघडं व्हायचं आणि वर दुसऱ्याकडून पाठ चोळून घ्यायची, हे माझ्याच्यानं होणारं नव्हतं. माझी पाठ शेवटची माझ्या आईनं चोळली होती. बायकोलाही मी चोळू दिली नव्हती, ती म्हणायची, तुमच्या पाठीला काय सोनं लागलंय? तुम्ही दर रविवारी टॉवेल गळ्यात टाकून बागेत यायचात, मला विचारायचात, मी मान हलवायचो, तुम्ही एकटे जायचात. लालबुंद होऊन परत यायचात आणि डबा उघडायचात.

एक गोष्ट लिहायची राहू नये. बायकोच्या तिथीला मी भाताचा गोळा करून कचऱ्याच्या जागेपाशी भिंतीवर ठेवला होता. इथले कावळे केवढे, आमच्याकडच्या कोंबडीएवढे. त्यांना खायला घालणं इथं केवढा गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हतं. लोक कचऱ्यावर जाळी टाकून त्यांना हाकलतात, आणि आपल्या इमारतीत हाकलायचं काम तुमच्याकडं, काठी घेऊन. तुम्ही आलात, भात बघितलात, माझ्याकडं बघितलंत. मी सोवळं नेसून हात जोडून उभा. तुम्हाला काय समजलं ते देव जाणे. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत आणि पाठ फिरवून माझ्या बाजूला उभे राहिलात, रस्त्यावरून येणाऱ्याला भात दिसू नये असे. कावळा आला, शिवला. एक बाई पिशवी घेऊन आली आणि तुम्हाला काहीतरी बोलली, बराच वेळ. तुम्ही तिच्यापुढं वाकत राहिलात आणि जागचे हलला नाहीत. पुढल्या दोन्ही तिथींना तुम्ही आधीच येऊन उभे असायचात. आमच्या नात्यातली माणसं तिथीला फोन करायची विसरतात.

या वर्षी आलो तेव्हा तुम्ही अर्धे झाला होतात. खोकला होता. पीटीत हात वर जात नव्हता, पण टाचा जुळत होत्या. मी डॉक्टर म्हणालो की तुम्ही दुसरीकडं बघायचात. डबा मात्र आणायचात. रुमाल अंथरायला वेळ लागायचा. दोंगुरी मी गोळा करायचो. एक दिवस सुपारी मी पुढं ठेवली आणि तुम्ही ती मागं नेलीच नाहीत, नुसते बसून राहिलात. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मीच डबा बंद करताना ती टोपीशेजारी ठेवली. तुम्ही बघितलंत की नाही ते मला ठाऊक नाही.

कालच्या आधीच्या रविवारी तुम्ही टॉवेल घेऊन आलात. खूण केलीत. मी म्हणालो, "नेक्स्ट इयर. पक्कं." तुम्ही बोटानं जमीन दाखवलीत, म्हणजे आज. मी परत म्हणालो, नेक्स्ट इयर. तुम्ही माझ्या पाठीवर एक थाप मारलीत आणि गेलात. हळू चालत गेलात, स्टेशनाच्या दिशेनं. ती थाप अजून आहे.

मग त्याच आठवड्यात एका सकाळी रेडिओ लागला आणि रेडिओजवळ तुम्ही नव्हतात. तुमच्या मजल्यावरच्या बाईनं दार वाजवलं, इमारतीच्या माणसानं उघडलं. तुम्ही अंथरुणातच होतात, म्हणाले, झोपेत. बरं झालं. मी एवढंच म्हणालो, बरं झालं, आणि घरी येऊन फ्रीजशेजारी बसलो.

तुमचा पुतण्या दुसऱ्या गावाहून आला. चांगला माणूस, घाईतला. निरोपाचा कार्यक्रम लहानसा होता. तो, त्याची बायको, इमारतीतले दोघेतिघे, आणि वैशाली मला घेऊन. तुमचा फोटो फुलांत होता, साध्या कोटातला. वर्दी नाही, झेंडा नाही, बिगूल नाही. एक शेजारी वैशालीला म्हणाला, "हे दुकान चालवायचे ना पूर्वी?" तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, त्याला सांग, हे डिव्हिजनमध्ये होते. तिनं सांगितलं. त्याला काही समजलं नाही, पण तो वाकला.

मला खांदा द्यायचा होता. तुमच्याकडं खांद्याची पद्धत नाही, चाकांची गाडी असते. मी पुतण्याकडं जाऊन उभा राहिलो आणि गाडीच्या दांडीवर हात ठेवला. वैशाली कुजबुजली, "बाबा, इथं नातेवाईकच..." मी हात काढला नाही. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, मग थोडं सरकून जागा दिली. दारापर्यंत मी तुमच्याबरोबर पावलं टाकली. डावा, उजवा, डावा, तुमच्या चालीनं, हळू. पुढं त्यांनी मला थांबवलं. तिथं मी टाचा जुळवल्या आणि अंगठे शिवणीवर आणले. बाकी काही केलं नाही.

निघताना हातात मिठाची पुडी दिली, अंगावर टाकायला. मी टाकलं. पण आमच्याकडं मयताला जाऊन आलं की डोक्यावरून पाणी लागतं. घरी आलो, वैशालीनं न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलं होतं. प्लास्टिकची न्हाणी ती, चार भिंती अंगाला लागतात. आंघोळ केली. अंग ओलं झालं. सुटल्यासारखं वाटलं नाही.

संध्याकाळी पुतण्या दारात आला. तुमचं घर रिकामं करत होता, जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, पिशव्या जिन्यात लावलेल्या. हातात डबा होता. वैशालीला म्हणाला, "यात मोडक्या वस्तू आहेत, पण काका रोज हा घेऊन तुमच्या बाबांकडं जायचे म्हणतात. टाकू का?" मी तिच्या पुढं जाऊन डबा घेतला. दोन्ही हातांनी, तुमच्याकडं घेतात तसा.

जेवणाच्या टेबलावर रुमाल अंथरला आणि मांडायला बसलो. काळा दगड. पांढरे दगड. स्क्रू, झाकणं, खिळा, तार. पंखाच्या बियाचा एक पंख मोडलाय. घुंगरू. काड्यापेटी. टोपी. सुपारी टोपीशेजारी. सगळं जागेवर बसलं, आणि एक निळं बटण उरलं.

ते कुठं लागायचं ते मला आठवेना. टेहळणी करणारे? विमानं पाडणारे? तुम्ही ते नेहमी डाव्या हातानं ठेवायचात एवढं आठवतं. आणि काहीतरी नाक दाबून दाखवायचात, की ते दुसऱ्याच कशाचं होतं. मी इकडं ठेवून बघितलं, तिकडं ठेवून बघितलं. चार हिवाळे ते बटण माझ्यासमोर होतं आणि मी भांडत बसलो पलटणीवरून.

महेश मागं येऊन उभा राहिला. "काय शोधताय बाबा?"

"हे कशाचं ते."

"जपानी डिव्हिजन ना? एका मिनिटात काढून देतो." त्यानं संगणक उघडलाच. "हे बघा, सगळा तक्ता आहे. कुठल्या तुकड्या, कुठं असतात, सगळं."

"बंद कर."

"अहो, बघा तरी."

"त्यात कुरिहाराचं बटण आहे का?"

त्यानं संगणक मिटला. मग खुर्ची ओढून शेजारी बसला. बऱ्याच दिवसांनी तो माझ्या शेजारी असा संगणक बंद करून बसला होता. म्हणाला, "ही सुपारी कोण?"

"मी."

"मग पुढं का नाही? तुम्ही पायदळाचे ना?"

त्याला काय सांगू? दोघांची पलटण होत नाही हे मला कुणी शिकवायला नको. पण बाकावर दोघं होतो तेव्हा मला ड्यूटी होती. सकाळी उठून जायचं, दोंगुरी गोळा करायच्या, तुमचं म्हणणं खोडायचं, माझी जागा पुढं आहे हे तुम्हाला पटवायचं. आता मी सुपारी कुठंही ठेवली तरी कुणी हलवणार नाही. पुढं ठेवायला मला कुणाची आडकाठी नाही. म्हणूनच ठेववत नव्हती.

"मागं पाणी गरम आहे," मी म्हणालो. आणि वैशालीला हाक मारून विचारलं, "ते न्हाणीघर रविवारी सकाळी किती लवकर उघडतं गं?"

ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "बाबा, तिथं लंगोट चालत नाही."

"ठाऊक आहे. चार वर्षं ऐकतोय."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल रविवारी, सकाळी मी टॉवेल गळ्यात टाकून एकटा निघालो. दाराला पडदा होता, तो बाजूला सारून आत गेलो. बूट खणात, कपडे टोपलीत, सगळे. कुणी बघितलं नाही. तुम्ही खुणेनं शिकवलं होतं तसं आधी नळासमोर लहान स्टुलावर बसलो, अंग घासलं, पाठीला जिथवर हात पोहोचला तिथवर. मधला भाग राहिला. मग शेजारचं रिकामं स्टूल जवळ ओढलं, बादलीभर गरम पाणी घेतलं, आणि ते त्यावर वरून हळूहळू ओतलं, एका माणसाच्या पाठीवर ओततात तसं. बादली रिकामी झाल्यावर परत भरली.